‘बसा’ न म्हणणारी

भाव न करता माझ्याकडून माल नेणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं, आणि त्या गिऱ्हाइकावर माझा अजून राग आहे.

नाशिकजवळ अंबडला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. देवळ्याहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे गठ्ठे वाहत होतो. आज स्वतःची शेड आहे, मशिनी आहेत, दारात टेम्पो उभा असतो. हे सगळं मी तोंडाच्या जोरावर मिळवलं. कागदवाल्याशी भांडलो, शाईवाल्याशी भांडलो, द्राक्षवाल्यांशी तर दर सीझनला भांडतो. लोकांना वाटतं, भाव करणं म्हणजे कंजूषपणा. तसं नाही. भाव करणं म्हणजे समोरच्याला मान देणं. त्यानं आकडा सांगायचा, आपण कपाळाला हात लावायचा. त्यानं पोराबाळांची शपथ घ्यायची, आपण उठून चपला घालायच्या. मग त्यानं म्हणायचं, “अहो, बसा हो, बसा.” आपण बसायचं, चहा यायचा, आणि खरा भाव तिथून पुढे निघायचा. आमच्याकडे लग्नं अशीच जमतात, जमिनी अशाच विकल्या जातात.

रेवतीला यातलं काही येत नव्हतं. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, सटाण्याची, आणि तरी येत नव्हतं.

पहिल्यांदा आली ती हेल्मेट घालूनच. स्कूटर लावून आत आली आणि डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून बोलायला लागली. ती तिची सवय. कामात असली की डोक्यावर काय आहे, हातात काय आहे, याचा तिला पत्ता नसे. चहा घ्यायची आणि ग्लास कुठेतरी ठेवून द्यायची. गठ्ठ्यांवर, मशिनवर, जिन्याच्या पायरीवर साय धरलेले ग्लास सापडायचे. पेस्टिंगवर काम करणारी आमची शकुंतला मावशी म्हणायची, “या बाईला चहा द्यायचा नाही, नुसता दाखवायचा.”

तर ती आली आणि म्हणाली, “मला मुलांसाठी खोकी हवीत. एवढी, अशी झाकणाची.” मी भाव सांगितला. सांगताना जेवढा चढवून सांगायचा तेवढा चढवला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “कधी मिळतील?”

मी म्हटलं, “मॅडम, भाव ऐकलात ना?”

“ऐकला.”

“जास्त नाही वाटला?”

“तुम्हाला वाटतो का?”

शकुंतला मावशीच्या हातातलं काम थांबलं. “नाना, आता बोला!”

“अहो, काहीतरी कमी करा, असं म्हणायचं असतं,” मी म्हटलं.

“पण खोकी तुम्ही करता. त्याला काय पडतं ते तुम्हालाच माहीत. मी कशावरून कमी करा म्हणू?”

शेवटी मीच माझ्याशी भांडलो आणि माझाच भाव खाली आणला. ती उभी राहून ऐकत होती. तिनं आभार मानले आणि हेल्मेट शोधायला लागली. ते डोक्यावरच होतं.

खोकी कशासाठी, ते मला नंतर कळलं. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती नाशकात आली होती आणि मुलांच्या शिक्षणाची कंपनी काढत होती. कंपनी म्हणजे ती एकटी. तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी दर महिन्याला एक पेटी. पेटीचं नाव ‘खटपट’. आत कधी कप्पी आणि दोरा, कधी भिंग, कधी छोटा तराजू. सोबत एक कार्ड, आणि कार्डावर मराठीत एक प्रश्न. उत्तर नाही. पालक फोन करायचे, “मॅडम, उत्तरांचं पान आलंच नाही.” ही म्हणायची, “ते नसतंच. तुमच्या मुलीला काय वाटतं ते विचारा ना.”

तिला जागा नव्हती. माझ्या शेडमध्ये वर माळा रिकामा होता. मी भाडं सांगितलं, ती लगेच हो म्हणाली, आणि मला पुन्हा कमी करावं लागलं. मग ती वर्षभर त्या माळ्यावर होती. ‘मॅडम’ची ‘रेवती’ कधी झाली, माझ्या लक्षात नाही.

पेट्या भरता भरता ती फोन स्पीकरवर लावायची, तो खालपर्यंत ऐकू यायचा. एकदा कुणा गृहस्थांची पेटी उशिरा पोचली होती. ते तापले होते.

“तुमच्या साहेबांना द्या फोन.”

“साहेब नाहीत. मीच आहे.”

“मग मॅनेजर?”

“मीच.”

“पेट्या कोण भरतं तुमच्याकडे?”

“तेही मीच.”

पलीकडचा आवाज उतरला, खाली नीट ऐकू येईना. मग ते गृहस्थ म्हणाले असावेत, की बाई, जेवता तरी कधी? कारण ही म्हणाली, “आज राहिलंय खरं.”

मी तिला सांगायचो, “अगं, आमची टीम बघते, असं म्हणावं. हिशेब विभाग, माल विभाग. कोण येतंय बघायला?” ती म्हणायची, “मग त्या टीमला फोन द्या म्हणाले तर?” या मुलीशी वाद घालता यायचा नाही. तुम्ही काहीही म्हणा, ती डोकं जरा वाकडं करून विचारायची, “असं का वाटलं तुम्हाला?” वायरमनला विचारायची, कुरियरवाल्याला विचारायची. तिला मनापासून जाणून घ्यायचं असायचं. मी एकदा पुठ्ठ्याच्या गाडीवाल्यावर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, तर ही वरून विचारते, “नाना, तो मुद्दाम उशिरा आला असं का वाटलं तुम्हाला?” मी काय सांगणार? मला सगळे मुद्दामच करतात असं वाटतं. धंद्यात तसंच वाटावं लागतं.

आता त्या आठवड्याबद्दल सांगतो.

ऐन द्राक्षाचा सीझन होता. माझ्या मशिनी द्राक्षाच्या खोक्यांवर चालल्या होत्या आणि पॅकहाउसवाले फोनवर शिव्या घालत होते. सोमवारी रेवती खाली आली, गठ्ठ्यावर बसली आणि बोटाला चिकटलेली टेप सोडवत शांतपणे म्हणाली, “नाना, साठवलेलं संपलं. शनिवारी तुमची ती संस्था हो म्हणाली तर मी इथं राहते. नाही म्हणाली तर पुण्याची नोकरी घेते. त्यांना रविवारी सकाळी उत्तर द्यायचंय.”

‘तुमची ती संस्था’ म्हणजे आमच्या देवळ्याच्या बाजूची. तिच्या बऱ्याच शाळा आहेत. अध्यक्ष अण्णासाहेब कांद्याचे जुने व्यापारी, माझ्या बापाच्या वेळेपासून ओळखीचे. मी त्यांच्या बंगल्यावर जाऊन शब्द टाकला होता, की एक मुलगी आहे, आपल्याच बागलाणातली, तिचा माल बघा. मी असा शब्द कुणासाठी टाकत नाही. टाकला की तो माझा शब्द असतो.

त्या आठवड्यात तिनं मला छळलं. मंगळवारी मी द्राक्षाच्या मशिनवरून वेळ काढून तिच्या नमुन्याच्या पेट्या करून दिल्या. ती त्या घेऊन मागच्या कामगारवस्तीत मुलांकडे गेली. परत आली ती एक फाटकी पेटी घेऊन.

“झाकण बदलावं लागेल. मुलांना उघडता येत नाही.”

“आई उघडेल.”

“आईनं उघडली की पेटी आईची होते, नाना.”

“अगं, डाय बदलायची म्हणजे काय खेळ आहे? पुठ्ठा कापायचा साचा आहे तो, कातरीनं कापायचा कागद नव्हे! खाली बघ, टेम्पो उभाय माझा! नाही होणार!”

“नाही होणार असं का वाटलं तुम्हाला?”

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शकुंतला मावशीनं मशिन बंद केली, म्हणाली, “नाना, झालं का? झालं असलं तर डाय काढते.” बुधवारी नवं झाकण झालं. रेवतीनं ते वस्तीतल्या एका चिमुरडीकडून उघडून घेतलं आणि माझ्याकडे आणून दाखवलं, जणू मला शंका होती. दमून तिचे डोळे आत गेले होते. पट्ट्या मारायच्या मशिनपाशी ती उभ्या उभ्या डोळे मिटायची, पट्टी बसल्याचा आवाज झाला की उघडायची, पुढची पेटी सरकवायची, पुन्हा मिटायची.

गुरुवारी तिचे वडील आले. सटाण्याहून एसटीनं, डोक्याला टोपी, हातात डाळिंबांची पिशवी. रोज फोनवर ते तिला अहिराणीत जेवणाचं आणि घरी कधी येणार ते एवढंच विचारायचे, “जेवन व्हयनं का? घर कवय येशी?” आणि ती म्हणायची, “येसू आबा, येसू.” आता समोर आले तर तेच विचारलं, आणि तीही तेच म्हणाली. मग ती फोन घ्यायला वर गेली तसे आबा माझ्याजवळ सरकले.

“नाना, पोरगी पार वाळून गेली हो. तुम्ही व्यापारी माणूस. खरं सांगा, हे चालायचं हाय का?”

“शनिवारी कळेल, आबा.”

“पुण्याला निदान येळेवर जेवंल तरी.” त्यांनी माळ्याकडे पाहिलं. “लहानपणी बी अशीच. रेडिओ खोलून ठिवला होता माझा. मी इचारलं, आता बातम्या कशा ऐकू? म्हणे, आबा, बातम्या यातून येत्यात असं का वाटलं तुम्हाला?”

आम्ही दोघं हसलो. त्यांना हसू आवरेना आणि त्यातच डोळे पुसायची वेळ आली. मी डाळिंब फोडून त्यांच्यापुढे ठेवलं. दुसरं काय करणार?

शनिवारी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. मागच्या सीटवर पेट्या. चांदवडपर्यंत ती नुसती समोर रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, मनात पाठ करत असेल. विचारलं, तर म्हणाली, “नाही, एका रस्त्याचे दोन दिसतायत. झोप नसली की तसं होतं.”

संस्थेच्या हॉलमध्ये अण्णासाहेब, चार शिक्षक भिंतीला उभे, आणि आम्ही. रेवती बोलायला लागली की दमलेली वाटायची नाही. तिनं कप्पी लावली, दोरा ओवला, तराजू उभा केला. अण्णासाहेबांनी तराजूच्या एका पारड्यात स्वतःची खायची सुपारी टाकली, दुसऱ्यात अंगठी. मग सुपारी काढली, खडू टाकला. पुन्हा अंगठी. मी हे बघत होतो. माणूस मालाला परत परत हात लावतो तेव्हा तो माल घेणार असतो. मी मनातल्या मनात सौदा झाला असं धरलं.

“छान आहे,” अण्णासाहेब म्हणाले. “सगळ्या शाळांना घेऊ. प्रत्येक शाळेच्या ऑफिसात काचेचं कपाट आहे, त्यात ठेवू. तपासणीला साहेब आले की काढून मांडता येईल.”

“आणि मुलं?”

“मुलं बघतील की. काचेचं आहे म्हटलं ना.”

“अण्णासाहेब, ही घरी न्यायची पेटी आहे. मुलानं घरी नेऊन खटपट करायची.”

“घरी नेली की मोडली समजा, ताई. आमची पोरं बाकडी मोडतात.”

“मोडू देत. मोडली तर मी दुसरी देईन. पण कपाटात नको.”

“मग नाही जमायचं आम्हाला. राहू द्या.” असं म्हणून अण्णासाहेबांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि ते उठले.

मी निवांत होतो. उठले म्हणजे आता मिळतं घेणार. एक चप्पल त्यांनी घातली होती आणि दुसरा पाय दुसरी चप्पल शोधत होता. चप्पल समोर होती, पण पायाला सापडत नव्हती. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, त्या वेळी काय म्हणायचं असतं.

रेवती उभी राहिली. म्हणाली, “बरं. तुम्ही वेळ दिलात, नीट ऐकून घेतलंत. आभारी आहे.” आणि तिनं तराजू सोडवून पेटीत ठेवायला सुरुवात केली.

अण्णासाहेबांचा पाय थांबला.

“अण्णासाहेब, बसा हो, बसा!” मी म्हटलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. बरोबर आहे. माल तिचा होता. मध्यस्थाच्या ‘बसा’ला काय किंमत?

“नाना,” ती मला हळूच म्हणाली, “त्यांना नकोय. कशाला आग्रह?”

आता चार शिक्षकांसमोर उठलेला अध्यक्ष आपणहून परत कसा बसणार? त्यांनी अंगठी बोटात घातली, चप्पल घातली आणि ते बाहेर गेले. मी मागे धावलो. व्हरांड्यात ते मला म्हणाले, “कुठून आणलीस रे ही? एकदा ‘बसा’ म्हणाली असती, तर पाचवीला घरी न्यायला मी हो म्हणणारच होतो.”

परतीच्या वाटेवर मी जे तोंड सोडलं ते पिंपळगावपर्यंत. “ते जायला नव्हते उठले! बसायला उठले होते! तुला दिसत नाही? त्यांची चप्पल दिसली नाही तुला?”

“ते नको म्हणाले ना, नाना.”

“नको म्हणजे नको असतं का कधी!”

“मग नको असेल तर काय म्हणतात?”

यावर मी अर्धा तास बोललो. माझा शब्द, माझ्या बापाची ओळख, माझ्या मशिनचा वेळ, सगळं काढलं. उत्तर येईना म्हणून वळून पाहिलं तर ती झोपली होती. मान काचेला टेकलेली, तोंड जरा उघडं, मांडीवर कप्पीचा दोरा. मी एवढा ओरडत होतो आणि ती लहान मुलासारखी गाढ झोपली होती. टोलनाक्यावर पोरानं काच वाजवली तरी जागी झाली नाही.

रविवारी पहाटे मी कुणाला न सांगता पुन्हा देवळ्याचा रस्ता धरला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मालासाठी कुणाच्या पडवीत जाऊन बसलो. अण्णासाहेबांनी आधी बोलायला नकार दिला. मी बसून राहिलो. ते उठले, मी बसा म्हटलं. मी उठलो, त्यांनी बसा म्हटलं. तीन चहा झाले. शेवटी पाचवी आणि सहावी घरी नेणार, खालच्या वर्गांच्या पेट्या वर्गातच राहणार पण कपाटाला कुलूप नसणार, असं ठरलं. एवढा चांगला सौदा मी माझ्या द्राक्षाच्या खोक्यांचाही केलेला नाही. शकुंतला मावशी म्हणते, तिथूनच फोन का केला नाहीत? तिला धंदा कळत नाही. अशी गोष्ट फोनवर सांगतात का? मला तिचं तोंड बघायचं होतं.

दुपारी शेडवर पोचलो. सुट्टी होती, पण माळ्यावर आवाज होता. ती सामान आवरत होती. मी जिन्याखालूनच ओरडलो, “रेवती, झालं! घेतायत! पाचवी-सहावी घरी!”

ती खाली आली आणि मधल्या पायरीवर बसली. तिच्या तोंडाकडे बघायला मी आलो होतो, तर ते तसं नव्हतं.

“मी सकाळी पुण्याला हो सांगितलं, नाना.”

“सही केलीस?”

“नाही. फोनवर.”

“मग काय झालं! फोन लाव, सांग, अडचण आली. तोंडी काय, लोक साखरपुडे मोडतात.”

“मी हो म्हणालेय. त्यांनी दुसऱ्या मुलीला नकार कळवला असेल एव्हाना.”

“अगं, तुझी कंपनी उभी राहतेय इथं!”

तिनं हातातली टेप गुंडाळली. “तुम्ही आज परत गेलात त्यांच्याकडे?”

“मग काय करणार होतो?”

“मला वाटलं, कालच संपलं.”

“संपत नसतं असं! कालपासून तेच सांगतोय!”

“हे मला कसं कळणार होतं, नाना?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग उतरला. “आणि खरं सांगू? ते उठले ना, तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. आता झोपता येईल, असं वाटलं. एकटीनं एवढंच जमलं मला. तुम्ही काल एवढे ओरडत होता आणि मी ऐकत नव्हते, खरंच झोपले होते. रागावू नका.”

मी रागावलो. रागावून केबिनमध्ये गेलो आणि दार लावलं. अण्णासाहेबांना फोन करून सांगावं लागलं, की माल येत नाही. त्यांनी फोन ठेवून दिला. पुढच्या सीझनला त्यांच्या भाच्याच्या पॅकहाउसनं दुसऱ्याकडून खोकी घेतली. आमच्या गावच्या लग्नात ते मला दिसतात, पण पंगतीला शेजारी बसत नाहीत. हे सगळं तिच्यापायी. ती पुण्यात वेळेवर जेवते, असं आबा सांगतात.

त्या दिवशी केबिनच्या काचेतून मला अंगण दिसत होतं. ज्यांच्या पेट्या द्यायच्या राहिल्या होत्या त्या ती घरोघर पोचवून जाणार होती. स्कूटरच्या मागे तिनं पेट्यांची चवड बांधली. फाटकापाशी चवड कलली. ती उतरली, दोरी सोडली, पुन्हा बांधायला लागली. दोरी पुरत नव्हती. वॉचमन खुर्चीवरून उठून गेला आणि त्यानं पेट्या धरल्या. मी जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

माझ्या केबिनच्या काचेला काळी फिल्म आहे. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही. माणसं आत कुणी आहे का बघायला काचेला डोळे लावतात. तिनं तसं काही केलं नाही. स्कूटर चालू केली, वळून थेट त्या काळ्या काचेकडे बघून हात केला, चांगला वरपर्यंत, आणि मग फाटकातून बाहेर पडली.

मी हात केला नाही. केला असता तरी तिला दिसला नसता.